एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करायचंय, पण वस्तीत संघटन कसं करायचं ते खरंच शिकवतात का?

रानसावली

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, जरा लांब होईल.

मी हिंगोली जिल्ह्यातली, यंदा बीए झालंय समाजशास्त्रात. आई आशा वर्कर आहे त्यामुळे घरात लसीकरणाच्या याद्या, रजिस्टरं आणि मोर्चे हे सगळं लहानपणापासून बघत आलेय. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका काकूचे संजय गांधी निराधारचे पैसे बंद पडले, हयातीचा दाखला दिला नव्हता म्हणून, आणि तो दरवर्षी द्यायचा असतो हेच तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिच्यासोबत तहसीलला गेले, तीन चकरा झाल्या, पैसे चालू झाले. मग दुसरी आली, मग तिसरी. वर्षभरात १४ जणींचे फॉर्म भरले, उत्पन्नाचा दाखला (ती २१ हजारांची मर्यादा, वर्षाला!), रहिवासी, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सगळं. ११ मंजूर झाले. महिन्याला दीड हजार रुपये म्हणजे इथे एका बाईचा किराणा निघतो.

मग मी परीक्षेला पंधरा दिवस परभणीला गेले आणि सगळं ठप्प झालं. फोनवर फोन, ताई तू कधी येतेस. त्या ११ जणी एकमेकींच्या शेजारी राहतात पण एकीलाही वाटलं नाही की राहिलेल्या तिघींना आपणच घेऊन जाऊ. तेव्हापासून मला चैन नाही. पैसे मिळाले ते चांगलंच झालं पण सगळं माझ्याभोवती बांधलं गेलं, त्यांचं स्वतःचं काही उभं राहिलं नाही. हे काम नीट शिकायला हवं असं मनापासून वाटतंय.

तर कुणी एमएसडब्ल्यूला सीओ म्हणजे कम्युनिटी ऑर्गनायझेशन घेऊन शिकलंय का? वर्गात बसून हे येतं का? टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), पुण्याचं कर्वे, मुंबईचं निर्मला निकेतन, की आपल्या जवळचं कॉलेज? आणि बाबा म्हणतात समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते, गुमान बीएड कर. त्यांना काय सांगू? पैसे बेताचेच आहेत.


कोयता_केज

ताई तुझी पोस्ट दोनदा वाचली. तू जे शेवटी लिहिलंस ना की माझ्याभोवती बांधलं गेलं, ते कळायला मला एमएच्या पहिल्या वर्षातले चार महिने लागले, तू ते घरी बसून कळवून घेतलंस.

माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीला टोळी निघायची ती उन्हाळ्यापर्यंत, मी पण सातवीपर्यंत फडातच. टिसच्या तुळजापूर कॅम्पसला शिकलो. मला वाटायचं मला गरिबी माहितीय, मला कोण काय शिकवणार. पहिला फिल्डवर्कचा रिपोर्ट लिहून दिला, मॅडमनी परत दिला तर त्यात एका शब्दाभोवती लाल पेनने गोल केलेले. तो शब्द होता 'मी'. मी बैठक घेतली, मी माहिती दिली, मी ग्रामसेवकांना भेटलो, मी बायकांना समजावलं. मोजले, चार पानांत ३१. खाली एकच ओळ होती, की या गावातल्या लोकांनी या आठवड्यात काय केलं ते लिहून आण. मला लिहिताच येईना कारण मी बघितलंच नव्हतं!

पुढच्या वेळेला गेलो तेव्हा काही बोललो नाही, मंदिरासमोर बायकांना रांगोळी दिली आणि म्हणलं तुमच्या गावाचा नकाशा काढा. हे पीआरए मधलं, म्हणजे गावाची पाहणी गावकऱ्यांनीच करायच्या पद्धतीतलं साधं तंत्र आहे, सगळीकडे शिकवतात. त्यांनी काढला, मारुती, शाळा, दोन हातपंप, पाण्याची टाकी, दूध डेअरी. सुंदर काढला. एक म्हातारी लांब उभी होती ती हळूच पुढे आली, रांगोळीची चिमूट घेतली आणि वढ्याच्या पलीकडं सात टिंबं दिली. म्हणली आमची घरं राहिली. तिथं मांगवाडा होता. तिकडं पाण्याची लाईनच गेलेली नव्हती आणि पाण्याच्या समितीच्या कागदावर गावात शंभर टक्के नळ. मी दोन महिने त्या गावात जात होतो, मला पण ती घरं दिसली नव्हती, कारण मला कुणी तिकडं नेलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

आता सांग हे वर्गात शिकलो का गावात? दोन्हीकडं. गावात नुसता गेलो असतो तर ती सात टिंबं बघून हळहळलो असतो आणि घरी आलो असतो. सोमवारी मॅडमसमोर बसावं लागलं (याला आयसी म्हणतात, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स), त्यांनी विचारलं ती म्हातारी लांब का उभी होती, मंदिरासमोरची जागा कुणी निवडली. जागा मीच निवडली होती. त्या प्रश्नाने मी हललो.

म्हणून माझं मत, कॉलेजचं नाव दुय्यम आहे. रिपोर्ट वाचणारा माणूस कोण आहे ते बघ.


गल्लीबोळ

वरची पोस्ट चांगली आहे पण सगळ्यांना अशा मॅडम मिळत नाहीत हे पण कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून लिहितोय.

मी एका शहरात एमएसडब्ल्यू केलं, कॉलेजचं नाव घेत नाही. आठवड्यात दोन दिवस फिल्डवर्क. मला एका संस्थेत टाकलं, तिथे दोन वर्षं मी एक्सेलमध्ये लाभार्थ्यांची नावं भरली आणि कार्यक्रमाचे फोटो काढले. बॅनर दिसला पाहिजे असा अँगल. एका सुपरवायझरकडे इतकी मुलं होती की रिपोर्टवर नुसती सही यायची, माझा एक रिपोर्ट मी मुद्दाम मागच्या आठवड्याचाच दिला, त्यावरही सही आली. सीओच्या पेपरात मला ६८ मार्क आहेत आणि मी तोपर्यंत एकही वस्ती बैठक स्वतः लावलेली नव्हती.

शिकलो ते नंतर. एका झोपडपट्टीत पुनर्वसनाचं प्रकरण चालू होतं, बिल्डरची माणसं घरोघरी संमतीपत्रावर सह्या घेत फिरत होती. तिथल्या रिक्षावाल्यांनी आणि घरकामाच्या बायकांनी ठरवलं की कुणीही घरात सही करायची नाही, सही करायची तर चौकात, सगळ्यांसमोर, कागद मोठ्याने वाचून. एवढा एकच नियम. त्या नियमाने सगळं बदललं, कारण घरात एकट्याला धमकी देता येते, आमिष देता येतं, चौकात नाही देता येत. हा नियम कुठल्या पुस्तकातून आला नव्हता, सातवी शिकलेल्या एका रिक्षावाल्याने सुचवला होता. मी तिथे तीन वर्षं सतरंजी उचलत आणि अर्ज लिहीत शिकलो.

म्हणून रानसावली, माझा सल्ला उलटा आहे. आधी एखाद्या संघटनेत वर्ष-दोन वर्षं जा. संस्था वेगळी, संघटना वेगळी, हे लक्षात ठेव. संस्थेला प्रोजेक्ट असतो, संघटनेला सभासद असतात, वर्गणी असते. डिग्री नंतर घेता येईल.


मीनल_कोथरूड

गल्लीबोळ, तुमची चीड समजते. सही करून टाकणारे सुपरवायझर मीही पाहिलेत. पण विद्यापीठातून संघटना उभीच राहत नाही असा जर कुणाचा समज होत असेल तर पुण्याचंच उदाहरण सांगते.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, कचरावेचकांची. आज सगळ्यांना स्वच्छ संस्था माहीत असते, दारात येणाऱ्या निळ्या-हिरव्या कोटातल्या ताई. पण त्याची सुरुवात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातून झाली, १९९० च्या आसपास. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण तिथे शिकवत होत्या. कचरा वेचणाऱ्या मुलींना अक्षरओळख करून द्यायची असा तो कार्यक्रम. आता मुली सकाळी कचऱ्यावर जातात, वर्गात येणार कधी? तर या दोघी मुलींबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर कचऱ्यावर जायला लागल्या. तिथे गेल्यावर दिसलं की माल जर घरातच वेगळा केलेला मिळाला तर त्याच बाईची कमाई वाढते, वेळ वाचतो, घाणीत हात घालायला लागत नाही. मग विद्यापीठाने बायकांना ओळखपत्रं दिली, म्हणजे सोसायटीच्या वॉचमनने अडवलं तर दाखवायला. इथपर्यंत ते तुमच्या फॉर्म भरण्यासारखंच होतं, रानसावली, म्हणजे चांगलं काम पण मदतीचं.

फिरलं कधी, तर त्याच भागात एका उद्योजकाने गाडी लावून दारोदार कचरा गोळा करायची सेवा सुरू केली. म्हणजे बायकांचा माल गेला. तेव्हा त्या विरोधाला उभ्या राहिल्या आणि मग लक्षात आलं की एका भागातल्या बायका एकट्या किती दिवस टिकणार. १९९३ ला पुण्यात परिषद भरली, बाबा आढावांच्या पुढाकाराने, आठशेच्या वर कचरावेचक आले आणि पंचायत झाली. बाबांचा हमाल पंचायतीचा अनुभव पाठीशी होता ना, १९५० च्या दशकापासूनचा, त्यामुळे कामगार म्हणून ओळख हाच मुद्दा पहिल्यापासून धरला. दया नको, कामगार म्हणा. १९९६ ला पुणे महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्राला मान्यता दिली आणि २००८ ला स्वच्छ सहकारी संस्थेशी पालिकेचा करार झाला. १२ वर्षं लागली त्या एका मान्यतेपासून करारापर्यंत, हे मुद्दाम लिहितेय, कारण एमएच्या दोन वर्षांत सगळं बघायला मिळेल अशी मुलांची घाई असते.

मी त्या कामात नव्हते, त्या काळात पुण्यात शिकत होते आणि परिषदेबद्दल ऐकून होते. पण एवढं नक्की की तो प्रौढ शिक्षण विभाग नसता, त्यांना पगार देऊन फिल्डवर पाठवणारं विद्यापीठ नसतं, तर त्या दोघी कचऱ्याच्या ढिगापाशी पोचल्याच नसत्या.


धानोरा_वाट

मी गडचिरोलीचा. मेंढा-लेखाचं कोणीच लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो.

धानोरा रोडवर शंभराच्या आसपास घरांचं गाव आहे. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली, ती सगळ्यांना पाठ असते, बाहेरून येणारे विद्यार्थी त्या पाटीसमोर फोटो काढून जातात. पण त्या घोषणेच्या मागं काय होतं तर अभ्यास गट. देवाजी तोफा गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले (मोहनभाऊ २०२५ च्या जानेवारीत गेले). मोहनभाऊ गावाचा निर्णय कधी घेत नव्हते. अभ्यास गटात बसायचं, कायदा वाचायचा, कोणालाही बोलवून विचारायचं, वाद घालायचा, पण निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीनं. एक जरी माणूस नाही म्हणला तर थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मतदान घ्यायचं नाही.

त्याचा फायदा काय झाला ते सांगतो. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा या गावाला ग्रामसभा कशी चालवायची ते शिकवायची गरजच नव्हती. २००९ ला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरायचा आणि सांभाळायचा गावाचा हक्क मिळाला, अठराशे हेक्टरच्या वर जंगल, देशात पहिल्यांदा मिळालेल्या गावांमधलं हे गाव. मग बांबू विकायचा म्हणलं तर वनखातं वाहतुकीचा परवाना देईना. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे गावाला गोळा करून विकता येतो, असं लिहिलेलं आहे न, तरी देईना. गाव मागं हटलं नाही, शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तो दिवस आमच्या भागात दिवाळीसारखा होता, आजूबाजूच्या गावांनी पण मग दावे काढले.

आता मी स्वतः काय करतो तर गावांना सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा फॉर्म, नमुना 'क', भरायला मदत करतो. ताई, तुमच्यासारखंच फॉर्म भरणं. पण आमच्यात एक पद्धत पडली आहे, लिहिणारा गावातलाच पाहिजे. अक्षर वाकडं असलं तरी चालते. आम्ही बाजूला बसतो. त्या कायद्याच्या ग्रामसभेला निम्मे लोक हजर लागतात आणि हजर असलेल्यात एक तृतीयांश बाया. सह्यांचं रजिस्टर फिरवून कोरम (लागणारी हजेरी) दाखवता येतो, सगळीकडे तेच चालते. आम्ही काय करतो, संध्याकाळी सहाला ग्रामसभा असंल तर पाचला बायांकडे पाणी कोण भरणार, चूल कोण बघणार ते विचारतो. दोन गावांत पुरुषांनी त्या दिवशी पाणी भरलं, तेव्हा कोरम खरा झाला.

शिकायचं असंल तर कॉलेजात जा, नक्की जा. आमच्याकडे येणाऱ्या एमएसडब्ल्यूच्या पोरांपैकी जे सहा आठवडे मुक्कामाला राहतात त्यांच्यात आणि दिवसभर येऊन जाणाऱ्यांत जमीन अस्मानाचा फरक दिसते.


रानसावली

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. धानोरा_वाट दादा, लिहिणारा गावातलाच पाहिजे हे वाचून मी वही खाली ठेवली आणि बराच वेळ बसून राहिले. माझ्या १४ फॉर्मांपैकी एकही त्या बायकांपैकी कुणी भरला नाही, आणि त्यातल्या तिघी सातवी पास आहेत.

कोयता दादा, गल्लीबोळ दादा, तुम्ही दोघं उलट बोलताय असं वाटतं पण रिपोर्ट वाचणारा चांगला पाहिजे यावर दोघांचं एकमत दिसतंय. मग ते आधी कसं कळणार? आणि पेपरात नक्की काय असतं ते पण कुणी सांगा ना, अभ्यासक्रम बघितला तर सगळी परदेशी नावं आहेत.


जुना_फळा

मी २२ वर्षं हा विषय शिकवतोय, तेव्हा पेपराचं मी सांगतो.

परदेशी नावं आहेत हे खरं, त्याचं कारण इतिहासात आहे. आपल्याकडे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं १९३६ ला, मुंबईत, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, तेच आताचं टिस. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ड हे अमेरिकन, अमेरिकन मराठी मिशनतर्फे नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाऊस चालवायचे. त्या अनुभवातून शाळा निघाली आणि अभ्यासक्रमाचा साचा अमेरिकेतून आला. तो साचा अजून पुरता सुटलेला नाही.

सीओच्या पेपरात तुम्हाला रॉथमन या अमेरिकन अभ्यासकाची तीन प्रारूपं भेटतील, म्हणजे संघटनाच्या तीन पद्धती, १९६८ च्या. एक, वस्तीतल्या सगळ्यांना एकत्र आणून आपले प्रश्न आपण सोडवायचे. दोन, तज्ज्ञांनी आकडेवारी गोळा करून नियोजन करायचं. तीन, ज्यांच्याकडे सत्ता नाही त्यांनी संघटित होऊन ती मागायची. मुलं ही तीन नावं पाठ करतात आणि पेपरात लिहितात. मी वर्गात एकच प्रसंग देतो आणि तिन्हींनी सोडवायला सांगतो. समजा रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून म्हाताऱ्यांचं धान्य परत जातंय. पहिल्या प्रारूपाने शेजारीपाजारी मिळून त्यांना धान्य देतील. दुसऱ्याने किती जणांचे अंगठे उमटत नाहीत याची यादी करून तहसीलदारांना उपाय सुचवाल. तिसऱ्याने २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातले माणशी ५ किलो हा हक्क आहे म्हणून दुकानासमोर बसाल. तिन्ही कधी ना कधी लागतात, कधी काय हे ओळखायला शिकणं म्हणजे हा पेपर.

सॉल अलिन्स्की येतो, शिकागोचा वस्ती-संघटक. १९३९ ला कत्तलखान्यांच्या मागच्या कामगार वस्तीत त्याने एकमेकांशी न बोलणाऱ्या चर्चना आणि युनियनला एका टेबलावर आणलं. लोकांना जे स्वतः करता येतं ते त्यांच्यासाठी कधीही करू नये हा त्याच्या परंपरेतला नियम, रानसावली तो तुम्ही परभणीच्या पंधरा दिवसांत शिकलात. पाउलो फ्रेअरी येतो, ब्राझीलचा शिक्षणतज्ज्ञ. वाचा जरूर. पण माझा आग्रह असतो की त्याच जोडीला महाडचा अभ्यास संघटनकौशल्य म्हणून करा. आपण २० मार्च १९२७ म्हटलं की चवदार तळं आणि बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेलं पाणी आठवतो. त्याच्या आधी काय काय झालं? १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, मग महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला, कागदावर सगळं होतं, पाणी मात्र नव्हतं. आर. बी. मोरे आणि स्थानिक कार्यकर्ते कोकणात गावोगाव फिरले. परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न होता, कारण तळ्यावर जाता येत नव्हतं, तर चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं गेलं. मी मुलांना हा चाळीस रुपयांचा हिशोब फळ्यावर लिहून दाखवतो. हजारो माणसं दोन दिवस एका गावात थांबवायची तर कुणीतरी पाण्याचा, जागेचा, जेवणाचा हिशोब करतं. नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईत गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली, १० जून १८९०, त्याच्या मागेही सभा, सह्या आणि अर्ज यांची वर्षं आहेत. हे अभ्यासक्रमात एका ओळीत उरकतात याचं मला फार वाईट वाटतं.

कॉलेज कसं ओळखायचं ते सांगतो. प्रॉस्पेक्टस बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षाच्या तीन मुलांना गाठून विचारा. फिल्डवर्क कुठे लावतात, नुसती शाळा-हॉस्पिटल की वस्ती आणि संघटना पण? एका सुपरवायझरकडे किती मुलं? तुझा शेवटचा रिपोर्ट परत आला तेव्हा त्यावर काय लिहिलं होतं? या तिसऱ्या प्रश्नावर मुलगा गप्प बसला तर समजून जा.


समुद्रापलीकडे

मी मूळची लातूरची. इंग्लंडला ब्रायटनजवळ ससेक्स विद्यापीठात आयडीएस (इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज) म्हणून संस्था आहे, तिथे सत्ता, सहभाग आणि सामाजिक बदल याच विषयात एक वर्षाचं एमए असतं, ते केलं. मी आधी पाच वर्षं मराठवाड्यात काम करून गेले होते आणि ते फार बरं झालं. तिथे वर्गात केनिया, कोलंबिया, बांगलादेशची काम केलेली माणसं होती, प्रत्येकजण आपापल्या कामातली फसलेली गोष्ट घेऊन बसलेला. बीए झाल्या झाल्या गेले असते तर माझ्याकडे सांगायला काहीच नसतं.

तिथलं एक मात्र मला रोज उपयोगी पडतं. सत्ता तीन तऱ्हेची असते असं ते मांडतात. दिसणारी, म्हणजे सरपंच, तहसीलदार, ठराव. छुपी, म्हणजे विषयपत्रिकेवर काय येणार आणि काय येणारच नाही ते कोण ठरवतं. आणि अदृश्य, म्हणजे माणसाला मनातूनच वाटतं की हे आपलं काम नव्हे. कोयता_केज यांच्या नकाशातली म्हातारी लांब उभी होती ती या तिसऱ्या सत्तेने उभी केली होती. आणि रानसावली, तुझ्या ११ जणींना शेजारणीला घेऊन तहसीलला जावंसं वाटलं नाही तेही तेच. तहसील म्हणजे शिकलेल्याचं काम. हे भाषण देऊन जात नाही, एकदा जाऊन साहेबासमोर खुर्चीत बसून आल्यावर जातं.

पैशाचं म्हणशील तर अनुसूचित जातीच्या मुलामुलींना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा, त्यात फी आणि राहण्याचा खर्च येतो. ब्रिटनसाठी तिथल्या सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती आहे, त्याला कामाचा अनुभव लागतो. हे आत्ताचं नाही, चार-पाच वर्षांनी बघ. आत्ता इथलंच कर. टिसला जायचं तर अलीकडे सीयूईटी-पीजी ही देशभराची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, आणि टिसचा अर्ज वेगळा भरायचा असतो, हे विसरून मुलांचं वर्ष जातं. बंगळूरला अझीम प्रेमजी विद्यापीठात डेव्हलपमेंटचं एमए आहे, तिथे घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीमध्ये सवलत मिळते. इंग्रजीची धास्ती घेऊ नको, पण आजपासून रोज एक पान लिहीत जा.


बांधावरून

मी शेतकरी माणूस, इथे कधी लिहीत नाही. पण त्या मुलीच्या वडिलांचं वाचलं म्हणून लिहितो, कारण मी तोच बाप आहे.

माझ्या मुलीने एमएसडब्ल्यू केलं तेव्हा मीपण हेच म्हणालो होतो. माझ्या मनात काय होतं ते स्पष्ट सांगतो. एक, पगार. दोन, पोरगी संध्याकाळी वस्तीत फिरणार. तीन, लोक काय म्हणतील, शिकून पोरगी लोकांच्या भानगडीत पडती. तिने माझ्याशी वाद घातला नाही. मला कागदावर लिहून दाखवलं की या डिग्रीवर कुठली पदं भरतात. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक, घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, उमेदचं बचत गटाचं काम, कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी. जाहिरातींची कात्रणं लावली होती. मला पटलं ते तिथं. तिला पहिला पगार १४ हजार होता, खोटं सांगत नाही, पहिली दोन वर्षं मीच धान्य पोच केलं.

आणि मग एकदा मला ती घेऊन गेली. भटक्या समाजाची पालं होती, तिथं जातीचा दाखला नाही म्हणून रेशनकार्ड नाही, पोरं शाळेत नाहीत. एक बाई पत्र्याच्या पेटीतून कागद काढून मला दाखवत होती, एक एक उलगडून, मला वाचता येतात हे तिला फार कौतुकाचं वाटलं. मी शेजारच्या गावात जन्म काढला आणि कधी तिकडं पाय टाकला नव्हता. मी त्या दिवसानंतर काही बोललो नाही.

पोरी, तुझ्या बाबांना तहसीलला घेऊन जा एकदा, त्या बायकांबरोबर.


गल्लीबोळ

काका, तुमची पोस्ट वाचून माझ्या वडिलांना फोन केला आत्ता.

जुना_फळा सर, तुमच्यासारखे शिकवणारे असते तर माझं मत वेगळं असतं हे कबूल. पण नोकरीचं एक या ताईला माहीत असू दे. संस्थांचं चित्र २०२० नंतर बदललंय. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला द्यायचा नाही आणि प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० वर आणला. त्याचा फटका खेड्यातल्या छोट्या संस्थांना बसला ज्या मोठ्या संस्थांच्या आधाराने चालायच्या. उरला सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामाला द्यायचा पैसा, २०१३ च्या कंपनी कायद्यातला दोन टक्क्यांचा, त्यातून शाळेचे बाक, शौचालयं, टँकर मिळतात, पण लोकांनी हक्क मागायला एकत्र यावं यासाठी कंपनी पैसे देईल याची आशा धरू नये. म्हणजे संघटनाचं काम करायचं तर बऱ्याचदा पोटाची नोकरी वेगळी आणि हे काम वेगळं असं धरावं लागतं, किंवा सभासदांच्या वर्गणीवर उभं राहावं लागतं. मी स्वतः दुपारपर्यंत नोकरी करतो. हे माहीत असून ये, एवढंच. ये मात्र नक्की, आधी संघटना की आधी डिग्री यावर मी आता हट्ट धरत नाही.


कोयता_केज

वर्गणीचं बरोबर बोललास भावा. आमच्याकडं टोळीतल्या बायांनी महिना दहा रुपये काढायला सुरू केलं, पैसा किती जमला याच्यापेक्षा त्या दहा रुपयांमुळं बाई बैठकीत हिशोब विचारती. फुकट आलेल्या चहाचा कुणी हिशोब विचारत नाही.

ताई शिष्यवृत्ती उशिरा जमा होते, पहिल्या सहामाहीचा मेसचा पैसा हातात ठेवूनच निघ. मी तिथंच अडकलो होतो.


रानसावली

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

राहिलेल्या तिघींचं काय झालं ते सांगते. मी फॉर्म भरले नाहीत. आमच्या ओट्यावर सगळ्या १४ जणींना बोलावलं, नऊ आल्या. सातवी पास तिघींना म्हटलं तुम्ही लिहा, मी शेजारी बसते. पहिला फॉर्म लिहायला एक तास दहा मिनिटं लागली. एकीने नवऱ्याचं नाव स्वतःच्या जागी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, माझा हात तीन-चारदा पेनाकडे गेला आणि मी मागे घेतला. तिसरा फॉर्म पंचवीस मिनिटांत झाला. मग एक मावशी म्हणाली की वरच्या आळीत पण अशा बायका आहेत, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, मला त्या माहीतसुद्धा नव्हत्या. शेवटी १७ फॉर्म झाले.

मंगळवारी तहसीलला गेल्या, मी गेले नाही. बाबा गेले, टमटममधून, बांधावरून काकांची पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली होती. संध्याकाळी आल्यावर जेवताना म्हणाले, क्लार्क उद्या या म्हणत होता तर त्या वरच्या आळीतल्या म्हातारीने टेबलापुढचा स्टूल ओढला आणि बसली, मग बाकीच्या खालीच बसल्या, मग घेतले सगळे. बीएडचं काही बोलले नाहीत. सीयूईटीची तारीख कधी आहे एवढं विचारलं.

मी दोन कॉलेजांच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोललेय, जुना_फळा सरांचा तिसरा प्रश्न विचारला. एकीने मला रिपोर्टचा फोटोच पाठवला, समासात पेनाने भरगच्च लिहिलेलं होतं. तिथे अर्ज करतेय, आणि टिसचाही.


जुना_फळा

फार छान झालं. एक विचारतो, अर्ज दिले त्याची शिक्क्यासकट पोच घेतली का?


रानसावली

घेतली सर. १७ च्या १७. बाबा म्हणाले मी ठेवतो घरी फाईलला, तर मावशी नाही म्हणाली. तिच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवल्यात.